कानसेन

अभनपूरहून राजिमला फुकट जायचं असेल, तर कानसेन काकांच्या गाडीसारखी सोय दुसरी नाही. गाडी स्वच्छ, सीट ऐसपैस, नयापाऱ्याला पोचल्यावर चहा काकांकडून. अट एकच : वाटेत बोलायचं नाही. खोकला आला तर बोट वर करायचं, काका गाडी बाजूला घेतात, खोकून झालं की पुढे. खिडक्या वर. एसी बंद, कारण ब्लोअरची घरघर मध्ये येते. रेडिओ तर काढूनच ठेवलेला. मे महिन्यात बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला असतो, मागे तीन माणसं घामाने निथळत मुकाट बसलेली असतात आणि पुढे काका चाळीसच्या वेगात, मान डावीकडे कलती ठेवून, कुठल्याशा खड्ड्याची वाट पाहत चाललेले असतात. खड्डा येतो. काका एकदम डोळे मोठे करतात.

“आलं! ऐकलं का?”

इथे प्रवाशाची खरी परीक्षा. “नाही” म्हटलं तर गाडी वळते आणि त्याच खड्ड्यावरून पुन्हा जाते. “हो” म्हटलं तर पुढचा प्रश्न तयार असतो, “डावीकडून का उजवीकडून?”

काका सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी सगळी गंगरेल धरणाच्या कालव्यांवर गेली. गेट किती उघडलंय हे पाण्याच्या आवाजावरून सांगायचे, अशी त्यांची ख्याती आहे. ती मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. गावात त्यांना ‘मराठी साहब’ म्हणतात. आम्ही पुतणेमंडळी पाठीमागे कानसेन म्हणतो आणि तोंडावर काका. हा कान घराण्यातून आला, असं त्यांचं म्हणणं. 1758 मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले, त्यांच्या घोडदळाबरोबर आमचे मूळपुरुषही छत्तीसगडात उतरले आणि टापांच्या आवाजावरून कोणत्या घोड्याच्या कोणत्या नालेचा खिळा ढिला आहे, ते सांगायचे म्हणे. हे कोणत्या बखरीत आहे, असं विचारायचं नसतं. पुढे घराणं रायपूरच्या तात्यापाऱ्यात स्थिरावलं, काकांचे वडील अभनपूरला आले आणि 1900 साली सुरू झालेल्या रायपूर-धमतरी छोट्या लाईनवर घराण्याच्या कानाला नवं काम मिळालं. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी केंद्रीला असतानाच, आज डबे किती आहेत, हे आजोबा ओसरीवरून सांगत. ती लाईन गेली. 30 मार्च 2025ला मोठ्या रुळांवरून मेमू आली. मेमूबद्दल काकांचं मत बरं नाही. “काही सांगतच नाही,” म्हणतात.

तर असा कान, आणि रिकामा.

रोगाची लागण चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात झाली. तिथे कुणाच्या तरी पुण्याहून आलेल्या जावयाने ‘मूळचं सस्पेन्शन म्हणजे नुसती तडजोड असते’ असं एक वाक्य जेवणाच्या पंगतीत टाकलं. काकांची गाडी दहा वर्षं जुनी, डिझेलची, उंच बांध्याची. तिच्याबद्दल त्यांची त्या दिवसापर्यंत एकही तक्रार नव्हती. घरी येईपर्यंत गाडी त्यांना वळणावर डुलायला लागली. केशकालच्या घाटातली बारा वळणं त्यांना आठवली. (त्या घाटातून ते शेवटचे कधी गेले, हे काकूंनाही आठवलं नाही.) मग इंटरनेटवरून सामान मागवलं गेलं : गॅस भरलेले शॉकअप, गाडी दोन इंच उचलणाऱ्या स्प्रिंगा आणि पॉलियुरेथेनचे लालभडक बुश. हे बुश बसवल्यावर कोणाला दिसणार नव्हते म्हणून आधी आल्यागेल्याला दाखवले गेले. काकूंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. रायपूरच्या एका मोठ्या गॅरेजात होळीच्या आधी सगळं बसलं आणि गाडी खरोखरच दोन इंच वर आली. काकूंना चढायला पाट लागायला लागला.

पुढे कुणीतरी सांगितलं, की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या गाडीत मालकाला मनाने फेरफार करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये तेच बजावलंय. काकांना घाम फुटला. तेव्हापासून ठाण्यावरून जाताना ते मागे माणसं बसवूनच जातात. वजनाने गाडी दबते. फुकट प्रवासाची चाल इथून सुरू झाली. आवाज ऐकवण्याचा उपयोग नंतर लक्षात आला.

पहिल्याच आठवड्यात कुरकुर आली. ही ओळखायला सोपी. रबरी बुशात रबर नळीला चिकटवलेलं असतं, चाक हललं की ते स्वतः पिळलं जातं, घसरत नाही. पॉलियुरेथेनचा बुश मात्र नळीभोवती फिरतो. त्याला त्याचं सिलिकॉनचं ग्रीस लागतं. ते कमी पडलं, की सकाळच्या गारव्यात तो बोलायला लागतो. काकांनी बुश खोलवून ग्रीस भरून घेतलं, कुरकुर गेली. मग ‘टण्णं’ आलं. उभ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवलं, की पुढच्या चाकावर तंतुवाद्याची तार सुटल्यासारखं. स्प्रिंगचं शेपूट खालच्या वाटीतल्या खाचेला नीट टेकलेलं नव्हतं, म्हणून वळताना स्प्रिंग अडकायची आणि एकदम सुटायची. तेही काकांनी स्वतः पकडलं, हे मान्य केलं पाहिजे. बॉनेट उघडून, एका हाताने शॉकअपच्या वरच्या माउंटिंगला हात लावून त्यांनी मला स्टीअरिंग फिरवायला लावलं आणि म्हणाले, “बघ, इथे गचका लागून राहिला आहे.” शाबासकी द्यावी असंच निदान.

याच दोन यशांनी घात केला. आता काका डॉक्टर झाले. तासन् तास मोबाइलवर वाचू लागले. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवला आणि 1950च्या फोर्ड कॉन्सलपासून ती रचना जगभर पसरली, हे त्यांच्याकडून अभनपूरच्या किराणा दुकानदारालाही ऐकावं लागलं. “मॅकफर्सनने हे असं कधीच कसलं नसतं,” असं ते रायपूरच्या गॅरेजबद्दल म्हणत.

आणि मग तिसरा आवाज आला.

मी त्याला ‘ठक्’ म्हणालो आणि काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “ठक् नाही रे. खुट्. ठक् म्हणजे धातूवर धातू. खुट् म्हणजे मध्ये काहीतरी मऊ आहे.” त्यांच्या मते खडखड, खुडखुड, कडकड आणि कुडकुड हे चार वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. पंचाईत अशी, की हा आवाज येई तेव्हा येई. त्याच खड्ड्यावर सकाळी यायचा, संध्याकाळी नाही. शिवाय लोखंडातून आवाज चालत येतो. उजव्या चाकाशी जन्मलेला डाव्या माणसाच्या कानाशी जाऊन बोलतो. काकांनी गाडी रिकामी करायला घेतली. जॅक, पाने, स्टेपनी, मागचं सीट, दाराच्या खणातली नाणी, काकूंची छत्री. डॅशबोर्डवरचा गणपतीही दोन दिवस घरात आणून ठेवला. संशय त्याच्यावर नव्हता, त्याच्या पितळी चौरंगावर होता. आवाज राहिला.

एक वही सुरू झाली. सिंचन खात्याच्या सवयीने आखलेली : तारीख, जागा, वेग, हवा, माणसं किती, आवाज. ‘केंद्रीच्या पुढे. 35. ढगाळ. 3 माणसं. खुट्, एकदा.’ ‘तिराहा. 20. ऊन. 1 माणूस. नाही.’ ‘घराजवळ. पाऊस. काकू. आवाज आला असावा. काकू बोलत होत्या.’

वही भरत गेली तशी काकांना एक उणीव जाणवायला लागली. हे सगळं त्यांचं एकट्याचं म्हणणं होतं. कागदावर दुसरी सही पाहिजे. पंचनाम्याला पंच लागतात ना? मग पोस्टमन बसला, गॅसवाला बसला, शाळेचे गुरुजी बसले. एकदा तर राजिमच्या संगमावर अस्थी घेऊन निघालेलं एक कुटुंब बसच्या थांब्यावर दिसलं, तर काकांनी त्यांनाच घेतलं. मला वाटतं, शांततेची अट कुरकुर न करता पाळणारे तेवढेच प्रवासी. अर्ध्या वाटेत काकांनी हळूच मागे वळून विचारलं, कलशाचं झाकण जरा घट्ट धरता का? त्या लोकांनी धरलं. महानदीच्या काठावर उतरताना त्यातल्या म्हाताऱ्याने हात जोडून सांगितलं, “सुने हन साहब.” ऐकलं आम्ही. काकांनी वहीत त्यांची सही घेतली.

साक्षीदारांच्या बाबतीत कोर्टात होतं तेच इथे झालं. चहा मिळतो आणि लवकर सुटका होते म्हटल्यावर लोक बिनदिक्कत ‘हो’ म्हणायला लागले. गुरुजी डावीकडे म्हणाले म्हणून डावा बॉल जॉइंट बदलला गेला. गॅसवाला उजवीकडे म्हणाला म्हणून टाय रॉडचा एंड. पोस्टमन चलाख, तो म्हणाला, “मधून येतंय.” त्याच्या साक्षीवर सायलेन्सरचे हँगर गेले. जुन्या काढलेल्या भागांची ओसरीवर रांग लागली. सगळे भाग ठणठणीत होते. खुट् आपल्या जागी.

रायपूरच्या गॅरेजला गाडी परत नेली की ती गप्प. तिथल्या मुलाने सोबत चक्कर मारली, गुळगुळीत रस्त्यावर. मग गाडी लिफ्टवर चढवली, चारही चाकं हवेत लोंबायला लागली, एकेक चाक हातांनी हलवलं, एकेक नट पाहिला. “सर, सब नॉर्मल है.” इथे एक गोम आहे आणि नव्या सामानाच्या आवाजाच्या निम्म्या केसेस याच गोमेत अडकतात, असं माझं मत झालंय. सस्पेन्शनचे सांधे वाजतात ते गाडीचं वजन त्यांच्यावर असताना. चाकं लोंबकळली, की सगळी भूमितीच बदलते. बुशांचं तर आणखी विचित्र. रबरी बुश असेल आणि त्याचा बोल्ट चाक हवेत असताना कसला, तर गाडी खाली आल्या क्षणापासून बुश पिळलेलाच राहतो. आधी कुरकुरतो, मग लवकर फाटतो. म्हणून तो गाडी आपल्या चार पायांवर उभी असतानाच कसायचा असतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाई असली की कुणी करत नाही.

पण काकांना झोंबलं ते निराळंच. गॅरेजातल्या त्या पोराने जाता जाता, वयाप्रमाणे कानात आवाज होतात, असं काहीसं म्हटलं. काका त्याच दिवशी रायपूरच्या एका कानाच्या डॉक्टरकडे गेले. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. निकाल उत्तम. तेव्हापासून त्यांच्या गाडीच्या कप्प्यात आरसी असते, विमा असतो, पीयूसी असतं आणि ऑडिओग्राम असतो. तपासणीला पोलिसाने हात पुढे केला, की ते चारही कागद देतात.

सप्टेंबरात मेमू राजिमपर्यंत जायला लागली आणि काकांचे साक्षीदार फुटले. गाडीच्या मोजक्या तिकिटात खिडकी उघडी ठेवून, हवं तेवढं बोलत जाता येत असताना कोण घामाघूम होईल? पोस्टमन रस्ता बदलून जाऊ लागला. काका खंगले. जेवताना ताट सरकवलं तरी दचकून विचारत, “हे काय होतं?”

दसरा झाल्यावर आम्ही तिघं, काका-काकू आणि मी, राजिमला राजीवलोचनाच्या दर्शनाला निघालो, तर तिराह्याच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. जवळच एक मिस्त्री होता. पाटी नाही, छप्पर पत्र्याचं, समोर धानाची ट्रॉली आणि दोन पिकअप. गाडीखाली उतरायला सिमेंटचा खड्डा होता. पंक्चर काढून होईपर्यंत काकांनी त्याला होळीपासूनचा इतिहास ऐकवला. मॅकफर्सन आला, केंद्री आली, वही आली. मिस्त्री पान चघळत ऐकत होता. काका श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “कब बाजथे?”

“नक्की नाही सांगता येत, हीच तर—”

“रोज सकाळी वाजतं की,” काकू म्हणाल्या.

आम्ही दोघं त्यांच्याकडे वळलो.

“गाडी बाहेर काढता तेव्हा. मी फाटक लावायला उभी असते ना. नालीवरच्या फरशीवर गाडी तिरपी चढते, आधी डावं चाक, मग उजवं. डावं चढलं की ठक् होतं. पुढच्या स्पीडब्रेकरवर होत नाही. तिथे दोन्ही चाकं बरोबर चढतात.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही काचा वर करून बसता. मी हात केला तर तुम्हाला वाटतं टाटा करते. तुम्हीही टाटा करता.”

मिस्त्रीने पान थुंकलं आणि गाडी खड्ड्यावर घ्यायला सांगितली. जॅक नाही, लिफ्ट नाही. गाडी चाकांवर उभी. तो खाली उतरला आणि पोऱ्याला कॅरिअर धरून गाडी डोलवायला लावली. मी वाकून पाहत होतो. त्याचा हात एका बोटभर जाड सळईवर होता. तिला गॅरेजवाले जंपिंग रॉड म्हणतात. पुढच्या दोन्ही चाकांना आडवा जोडणारा एक दांडा असतो, वळणावर गाडी कलू नये म्हणून. त्याची टोकं या सळयांनी चाकांच्या खांबाला धरलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडा नुसता सोबत फिरतो. एकच गेलं तर तो पिळला जातो, सळईला हिसका बसतो, आणि नट ढिला असेल तर ठक्. एक चाक जॅकवर उचलून तपासलं, तरी दांडा पिळलेलाच, सांधा ताणात, ढिलाई लपते. मिस्त्रीला यातलं काही सांगावं लागलं नाही. त्याने बोटं तिथे ठेवली, दोनदा मान हलवली. रायपूरला नट हवेच्या गनने फिरवला होता. नटाबरोबर आतला खिळाही फिरत राहिला, हाताला घट्ट लागला, बसला मात्र नाही. मिस्त्रीने मधल्या भोकात ॲलन की घालून खिळा धरला, दुसऱ्या हाताने पाना घातला आणि नट कसला. वर येऊन हात पुसले.

“होगे.”

आम्ही समोरच्या गल्लीतल्या तिरप्या फरशीवरून गाडी नेली, आणली. काहीच नाही. काकू म्हणाल्या, “चला, आरती चुकेल.” काका हलेनात.

“तू आवाज ऐकलास?” त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

“सुने नइ हंव साहब. हाथ म जनइस.” ऐकला नाही, हाताला लागला.

काकांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. सात महिने, एवढी वही, ओसरीवरचे ते ठणठणीत भाग, आणि ज्याने बरं केलं त्याने आवाज ऐकलेलाच नाही. ते काही वेळ गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग अत्यंत सभ्य आवाजात म्हणाले, “नट अर्धा आटा ढिला कर.”

“का?”

“ढिला कर. तू माझ्या शेजारी बस. एकदा ऐक. मग परत कस.”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. काकूंनी पर्स उघडून सुटे पैसे मोजले आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागल्या. मेमूला अजून वेळ होता. मिस्त्री पुन्हा खड्ड्यात उतरला. मग काचा वर झाल्या, पोऱ्याला गप्प बसवलं, समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला काकांनी स्वतः जाऊन इंजिन बंद करायची विनंती केली, आणि गाडी त्या फरशीवर तिरपी चढली.

“हाँ,” मिस्त्री म्हणाला. “बाजिस.”

“ठक् का खुट्?”

मिस्त्रीने विचार केला. गिऱ्हाईक ओळखणारा माणूस. “खुट्.”

काकांनी वही पुढे केली. मिस्त्रीने ग्रीसच्या बोटांनी सही केली, नट परत कसला आणि हिशेब सांगितला. पंक्चर वेगळं. नट कसायचे पन्नास, ढिला करायचे शंभर.

काकांनी शंभर आधी दिले.